दारू सुटल्यावर संध्याकाळी जायचे कुठे?

मुरूडच्या अलीकडच्या एका बौद्धवाडीतून एका भगिनीचा निरोप आमच्याकडे आला. पत्र नव्हे, माहेरच्या माणसाकरवी सांगून पाठवलेला निरोप. “जयभीम सांगा आणि एवढेच विचारा. ह्यांनी दारू सोडून एकवीस दिवस झाले. दिवस कामावर निघून जातो. पण संध्याकाळचे सहा वाजले की ओटीवर येऊन बसतात आणि रस्त्याकडे बघत राहतात. मी चहा देते, टीव्ही लावते, मुलांना त्यांच्याजवळ अभ्यासाला बसवते. त्यांचे लक्ष कशातच नसते. आता मी काय करू?”

यजमान गवंडीकाम करतात. अलिबागपासून मुरूडपर्यंत किनाऱ्याला रिसॉर्टची आणि बंगल्यांची बांधकामे सतत चालू असतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. शनिवारी पगार होतो. मुकादमाने पैसे हातावर ठेवले की चौघे मिळून थेट बसायला जायचे, हा अनेक वर्षांचा शिरस्ता. आता चौघांतले तिघे अजून जातात, आणि जाताना याच ओटीवरून जातात.

खरे सांगायचे तर या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. दारू वाईट हे सांगणारे लेख आपल्या पत्रांतून पुष्कळ आले आहेत. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी दारूचे सहा तोटे सांगितले, धनाचा नाश, भांडणतंटा, रोग, दुष्कीर्ती, लाज सुटणे आणि बुद्धी मंद होणे, हेही आपल्या वाडीतल्या शाळकरी मुलाला पाठ असते. पण त्या घरात दारू वाईट आहे हे आता कोणाला पटवायचे राहिलेले नाही. सर्वांत आधी त्या गृहस्थांनाच ते पटलेले आहे. प्रश्न सहा वाजल्यानंतरच्या तीन तासांचा आहे.

आम्ही निरोप घेऊन येणाऱ्या बंधूंना विचारले, याआधी कधी सोडली होती का? ते म्हणाले, तीनदा. एकदा बुद्धमूर्तीसमोर, एकदा आईच्या अंथरुणाशी, एकदा जयंतीच्या दिवशी सर्वांसमक्ष पंचशील घेऊन. प्रत्येक वेळी मनापासून. आणि प्रत्येक वेळी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा.

इथे आपल्या समाजाची एक विशेष अडचण आहे, ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. पंचशीलातले पाचवे शील आणि नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी, दोन्ही दारूविषयी आहेत. इतका स्पष्ट दंडक फार थोड्या समाजांना मिळाला असेल. पण त्यामुळेच आपल्यातला पिणारा दुहेरी लपतो. दुसऱ्या समाजातला माणूस प्यायला तर दारुडा ठरतो. आपला प्यायला तर दारुडाही ठरतो आणि धम्माशी बेइमानही ठरतो. मग तो विहाराकडे फिरकत नाही, वंदनेला मागच्या मागे निघून जातो. ज्या ठिकाणी त्याला माणसे मिळाली असती तेच ठिकाण त्याला बंद होते. आणि जयंतीच्या मिरवणुकीत बँजोसमोर पिऊन नाचणाऱ्यांना मात्र कोणी अडवत नाही, ही गंमत वेगळीच. असो.

दारूचे व्यसन हा आजार आहे असे डॉक्टर म्हणतात तेव्हा काहींना ती पळवाट वाटते. तसे नाही. रोज पिणाऱ्याचे शरीर आणि मेंदू दारू गृहीत धरून चालायला लागतात. ती अचानक थांबली की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, आवाज ऐकू येतात, आणि वेळेवर उपचार न झाल्यास त्यात प्राणही जातो. म्हणून पुष्कळ वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी घरात कोंडून घेऊन दारू सोडू नये, आणि घरच्यांनी त्याला कोंडू नये. पहिला आठवडाभर डॉक्टरची देखरेख हवी. या गृहस्थांचे एकवीस दिवस पार पडले आहेत, म्हणजे शरीराची ती घाटी त्यांनी ओलांडली आहे. उरली ती मनाची आणि सवयीची, आणि ती पुष्कळ लांब असते.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाकडून देशभर एक पाहणी करून घेतली होती. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसली तरी मदत किंवा उपचार मिळालेला असतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार १८० माणसांमागे एकाला. बाकीचे काय करतात? बाकीचे शपथा घेतात, मोडतात, आणि पुन्हा घेतात. किंवा घरचे लोक त्यांना एखाद्या बुवाकडे नेऊन पुडी आणतात.

आता त्या ओटीवरच्या माणसाकडे परत येऊ. त्याच्यासारखाच एक माणूस १९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अक्रन नावाच्या परक्या गावी एका हॉटेलात उभा होता. बिल विल्सन त्याचे नाव, न्यूयॉर्कचा शेअर दलाल. दारूने धंदा आणि अब्रू दोन्ही घालवून बसलेला आणि पाच महिने कशीबशी सोडलेला. ज्या कामासाठी आला ते फिसकटले होते, आणि समोरच्या दारूच्या गुत्त्यातून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. सहा वाजल्यानंतरची तीच वेळ म्हणा. त्याने देवाचा धावा केला की नाही कोण जाणे, पण त्याने फोन उचलला आणि गावातल्या चर्चना एकामागून एक फोन लावत विचारले, तुमच्या गावात दारूने गांजलेला दुसरा कोणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचे आहे. उपदेश करणारा नको, डॉक्टर नको, आपल्यासारखाच दुसरा हवा. दुसऱ्या दिवशी त्याला डॉ. बॉब स्मिथ नावाचे सर्जन भेटले, तेही पक्के पिणारे. पंधरा मिनिटांपुरती ठरलेली भेट कित्येक तास चालली. १० जून १९३५ नंतर डॉ. बॉब पुन्हा प्यायले नाहीत, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. आपल्याकडे तिला नुसते ‘एए’ म्हणतात. मुंबईत तिचे काम १९५७ साली सुरू झाले.

आम्ही मुंबईत एएच्या एका खुल्या सभेला जाऊन बसलो आहोत. खुली म्हणजे घरच्यांना, बाहेरच्यांनाही येता येते ती. बंद सभा फक्त पिणे सोडू इच्छिणाऱ्यांची असते. मोठे काही नव्हते. एका शाळेचा वर्ग, बाकांवर बसलेली बारा-पंधरा माणसे, एका कोपऱ्यात चहाची किटली. कोणी टॅक्सी चालवणारा, कोणी बँकेतला, एक निवृत्त पोलीस. एकेक जण उठून आपले पहिले नाव सांगतो, मी बेवडा आहे असे स्वतःच म्हणतो, आणि मग आपली हकिकत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, छी-थू करत नाही. पुढच्या जन्माची काय, पुढच्या महिन्याचीही शपथ कोणी घेत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, उद्याचे उद्या. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने नाणे टाकावे, त्यातून चहा आणि खोलीचे भाडे निघते. सरकारचे किंवा बाहेरच्या धनिकाचे पैसे ही संघटना घेत नाही. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

आणि आडनाव विचारत नाहीत. बाहेरून येणाऱ्याला हे बारीक वाटेल. आपल्याला ते बारीक नाही. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि उत्तर ऐकून जरा सरकून बसतो, हे आपल्यापैकी किती जणांनी अनुभवले आहे! दवाखान्याच्या केसपेपरवर, कामाच्या हजेरीपटावर, मुलाच्या शाळेत, आडनाव आधी पोहोचते आणि माणूस मागून. ज्या खोलीत तासभर का होईना आपण फक्त पहिल्या नावाचे असतो, जिथे निवृत्त फौजदार आणि सफाई कामगार एकाच किटलीतला चहा पितात आणि दोघेही एकाच आजाराचे असतात, ती खोली आपल्या माणसाला परकी वाटू नये. अर्थात माणसे तीच, समाज तोच. एखाद्या ठिकाणी कोणी आडून आडून जात काढलीच, तर गट बदलावा. दारू सोडण्याचा बेत बदलू नये.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे आणि ती आमच्याकडे अनेकांनी बोलून दाखवली आहे. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, सभेच्या अखेरीस उभे राहून प्रार्थना होते. पहिल्या प्रतिज्ञेपासूनच देवदेवतांना नकार दिलेल्या बौद्धाने तिथे काय करायचे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण हेही माहीत असावे की तो एएच्या आरंभापासूनचा प्रश्न आहे. १९३९ साली त्यांचे मूळ पुस्तक छापले जाण्यापूर्वी गटातल्या निरीश्वरवादी सभासदांनी यावरून कडाक्याचा वाद घातला. त्यानंतर ईश्वर या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावा, अशी मोकळीक लिहून ठेवण्यात आली. जगभर कित्येक सभासद समोर बसलेल्या गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. एकट्याला न जमणारी गोष्ट संघाच्या आधाराने जमते, हे मानायला बौद्धाला आपले काही सोडावे लागत नाही. तिसरे शरण संघाचेच आहे. प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहावे. आम्ही उभे राहिलो होतो, कोणी काही म्हटले नाही.

ज्यांना तरीही ते रुचणार नाही त्यांच्यासाठी बौद्ध वाटही निघाली आहे, आणि तिचा धागा आपल्याशी जुळतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या वेळी नागपुरात असलेले आणि शोकसभांतून लोकांना धीर देणारे इंग्रज भिक्षू संघरक्षित आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असतील. त्यांचेच त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण हे काम १९७९ पासून आपल्याकडे सुरू झाले. त्याच परंपरेत दीक्षा घेतलेले परमबंधू हे लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ आणि व्हॅलरी मेसन-जॉन ऊर्फ विमलसरा या दोघांनी मिळून व्यसनातून सुटण्याच्या आठ पायऱ्या मांडणारे इंग्रजी पुस्तक लिहिले आहे. त्यात ईश्वर नाही. दुःख आहे हे मान्य करण्यापासून सुरुवात आहे, आणि पुढे आनापान, मैत्रीभावना व शील यांचा रोजचा सराव आहे. परदेशात त्यावर गट चालतात.

गटात बसून खरेच काही होते का, की नुसते मन हलके होते? निरनिराळ्या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली यावर २७ अभ्यास तपासले. त्यांत दहा हजारांहून अधिक माणसे होती. एए आणि तिला जोडून दिलेले पद्धतशीर समुपदेशन पूर्ण दारू बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा कमी पडत नाही, उलट सरस ठरते, असा तिचा निष्कर्ष निघाला. जादू मात्र नाही. कित्येक जण दोन सभांना जाऊन येणे सोडतात, कित्येक जण पुन्हा पितात. पुन्हा प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येऊन बसला तर त्याला खुर्ची मिळते, एवढीच तिथली खुबी.

महाराष्ट्रात आणखी एक मोठे नाव म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली येरवड्याला सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला भरघोस आर्थिक मदत दिली. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर पाहतात. तिथे दाखल होऊन पाच आठवड्यांचा उपचार असतो, पण मुक्तांगणचे लोक स्वतःच सांगतात की खरी परीक्षा घरी गेल्यावर सुरू होते. म्हणून उपचार संपलेल्यांचे पाठपुरावा गट पुण्याबाहेरही चालतात, पत्नींसाठी ‘सहचरी’ आहे आणि व्यसनात सापडलेल्या स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. स्त्रिया पितात हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी आम्ही हे मुद्दाम लिहिले. मुंबईकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला सुरू केलेले कृपा फाउंडेशनही याच कामात आहे.

आता त्या ताईंच्या वाट्याविषयी. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून बाई काय काय करते! मुकादमाला निरोप पाठवते, ह्यांना ताप आलाय. गुत्त्यावरची उधारी मंगळसूत्र मोडून फेडते. रात्री ओकलेले धुऊन काढते, म्हणजे सकाळी शेजारणीला दिसू नये. यातल्या प्रत्येक गोष्टीत माया आहे, आणि प्रत्येक गोष्टीने दारूची किंमत पिणाऱ्याऐवजी दुसऱ्यानेच भरलेली आहे. डिसेंबर १९२७ मध्ये याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला बाबासाहेब आपल्या आया-बहिणींशी बोलले. लुगडे कसे नेसावे इथपासून मुलींना शाळेत घाला इथपर्यंत त्यांनी सांगितले, आणि त्यातच हेही सांगितले की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला घालू नका. आम्ही लहानपणी हे ऐकले तेव्हा शिक्षा म्हणून ऐकले. आता त्याचा अर्थ वेगळा लागतो. तुझ्या पिण्याचा भार मी उचलणार नाही, हे बाईने आधी स्वतःला सांगायचे असते.

१९५१ साली बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी सुरू केलेल्या अल-अनॉन या कुटुंबीयांच्या गटात हेच शिकवतात. त्याच्या दारूला मी कारण नाही, तिच्यावर माझा ताबा चालत नाही, ती बरी करणेही माझ्या हातात नाही. हे मान्य केल्यावर बाईला स्वतःची झोप, स्वतःचे जेवण, मुलांची फी यांकडे बघायला सवड मिळते. नवरा सभेला येवो न येवो, बाई एकटी जाऊ शकते. पुष्कळ घरांत आधी तीच जाते. घरात मारहाण होत असेल तर मात्र गटाची वाट बघत बसू नये. ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, त्यांवर फोन करावा.

दारू सोडवण्याची गोळी चहातून किंवा भाजीतून नकळत देण्याचा प्रकार अनेक घरांत चालतो, त्याविषयी दोन शब्द. डायसल्फिराम या औषधावर असताना माणूस प्यायला तर छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, जिवावर बेतू शकते. हे औषध डॉक्टरने, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. लपवून देऊ नये.

आता मुख्य काम. रायगडच्या किनाऱ्यावर राहून गट कसा शोधायचा? मुंबई समोर दिसते, पण मध्ये पाणी आहे. अलिबागहून मुरूड सुमारे पन्नास किलोमीटर, श्रीवर्धन त्याहून दूर, दिघीच्या खाडीवर जंगलजेटीची वेळ पाळायची, आणि संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकली की रात्र बाहेर. पुण्या-मुंबईचा गट कितीही चांगला असला तरी आठवड्याला तिथे जाणारा गवंडी आम्ही पाहिलेला नाही. गट असा हवा की सहाला कामावरून सुटलेला माणूस सातला पोहोचेल आणि शेवटच्या गाडीने घरी येईल. उरणकरांना २०२४ च्या जानेवारीपासून रेल्वे आणि अटल सेतू दोन्ही मिळाले, त्यांना नवी मुंबईचे गट जवळ पडतील. बाकीच्यांनी पनवेल, पेण, अलिबाग अशा क्रमाने चौकशी करावी.

चौकशी कुठे? एएचे मुंबईतले कार्यालय आपल्या तालुक्याजवळ कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या भाषेत सभा होते हे सांगते. फोन करणाऱ्याने नाव सांगितले नाही तरी चालते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याचा व्यसनमुक्तीसाठीचा क्रमांक १४४४६ आहे. मन फार खचले असेल, जीव नकोसा झाला असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे जावे. तिथले डॉक्टर आणि समुपदेशक यांना विचारावे की तुमच्याकडून बरी झालेली माणसे कुठे जमतात. हा प्रश्न नेमका असाच विचारावा, कारण दारू सोडलेल्यांची माहिती दारू सोडलेल्यांनाच असते, पाटीवर ती लिहिलेली नसते. २०२० च्या टाळेबंदीपासून फोनवरच्या सभाही रूढ झाल्या आहेत. खांद्यावर लहान मूल घेऊन बसलेल्या बाईला, किंवा श्रीवर्धनच्या टोकाला राहणाऱ्याला, त्यांचा फार उपयोग आहे. मात्र महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसावे. फोन खिशात टाकून गुत्त्याकडे वळणे सोपे असते.

दाखल करून घेणारी केंद्रे गल्लोगल्ली निघाली आहेत, त्यांपासून सावध राहावे. रात्री जीप पाठवून माणसाला उचलून नेतो, महिनाभर घरच्यांना भेटू देत नाही, साखळी लावतो, असे कोणी सांगू लागला तर तिथून परत फिरावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून आलेला मनाचा आजारही येतो, आणि त्या कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली आहे. डॉक्टर कोण, किती वेळा येतात, एकूण खर्च किती, सुटल्यावर पाठपुरावा कोण करणार, एवढे विचारावेच.

आणि जवळपास गटच नसेल तर? मग बिल विल्सनने केले तेच करायचे. एएच्या रीतीप्रमाणे दोन माणसे बसली तरी सभा होते. आपल्या प्रत्येक वाडीत विहार आहे, समाजमंदिर आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात तिथे रोज संध्याकाळी दिवा लागतो, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. जून-जुलैत मासेमारी बंद, बांधकामे पावसाने थंडावलेली. हातात वेळ असतो आणि पाय गुत्त्याकडे वळतात ते याच दिवसांत. वाचन संपल्यावर आठवड्यातून एक दिवस तासभर ती खोली दारू सोडणाऱ्यांना द्यावी, अशी आमची बौद्धजन पंचायतीच्या गावशाखांना आणि मुंबई मंडळांना विनंती आहे. पैसे लागत नाहीत. किल्ली लागते.

पण एक पथ्य पाळावे लागेल. तिथे अध्यक्ष नको, हार नको, मार्गदर्शनपर भाषण नको. आपल्याला माइक दिसला की भाषण सुचते, आणि भाषण ऐकून दारू सुटायची असती तर आतापर्यंत सगळी वाडी सुटली असती. पदाधिकाऱ्याने कुलूप उघडून द्यावे आणि घरी जावे.

चाळीस घरांच्या वाडीत नाव गुप्त कसे राहणार, असे कोणी विचारील. शंका खरी आहे. वाडीत कोण पितो हे सर्वांना ठाऊक असतेच, पण कोण सोडतोय हे कळले की टोचणी सुरू होते. “काय रे, साधू झालास?” “बघू किती दिवस टिकतो.” अंगुलिमाल भिक्षू झाल्यावरही श्रावस्तीच्या लोकांनी त्याच्यावर दगड टाकले, तो रक्ताळलेले डोके आणि फुटलेले भिक्षापात्र घेऊन परतला, ही कथा आपण वर्षावासात दरवर्षी ऐकतो. ऐकून बाहेर पडतो आणि ओटीवर बसलेल्या माणसाला हाच प्रश्न विचारतो. ज्याला ही टोचणी सोसणार नाही त्याने आरंभी शेजारच्या तालुक्याच्या गटात जावे, जिथे त्याला ओळखणारे कोणी नाही. भाड्याचे पैसे नवटाकीपेक्षा जास्त होत नाहीत.

हे सर्व आम्ही त्या ताईंना सविस्तर कळवले. एकदम सगळे जमणार नाही, म्हणून पहिल्या आठवड्यासाठी दोनच गोष्टी सांगितल्या. शनिवारी पगार घ्यायला यजमानांबरोबर मोठ्या मुलाने जावे, म्हणजे परतीची वाट बदलेल. आणि सहा वाजता त्यांना उपाशी ठेवू नये. भूक, राग, थकवा आणि एकटेपणा या चार वेळी दारूची ओढ सर्वांत जास्त असते, असे सोडलेली माणसे सांगतात. चहाबरोबर भाकरी, पोहे, काहीतरी पोटभर द्यावे.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा निरोप आला. फोन यजमानांनी स्वतःच लावला होता, घराबाहेर जाऊन, वाडीच्या मागच्या बाजूला. पलीकडून बोलणारा नऊ वर्षांपूर्वी सुटलेला माणूस निघाला, तोही बांधकामावरचाच, फरशी बसवणारा. दोघे पाऊण तास बोलत होते. काय बोलले ते ताईंना माहीत नाही आणि त्यांनी विचारलेही नाही. घरात आल्यावर यजमानांनी फक्त एवढेच विचारले, “गुरुवारी अलिबागहून परत यायला शेवटची गाडी किती वाजताची असते गं?”